इंग्लंडमधील विणकरी खेड्याचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या विणकरी खेड्याचा इतिहास लिहू पाहणारे बहुतेक जण प्रथम दप्तरखान्याकडे वळतात. माझ्या मते आरंभ जमिनीपासून आणि पाण्यापासून करावा. वेस्ट यॉर्कशायरमधील हेप्टनस्टॉल हे गाव त्यासाठी फार चांगले उदाहरण आहे. ते टेकडीच्या माथ्यावर आहे, आणि कापडाचे गाव इतक्या उंचावर का वसले, हाच पहिला प्रश्न विचारावा. खालच्या कॅल्डर नदीच्या खोऱ्याचा तळ एके काळी दलदलीचा असल्याने मालवाहू घोड्यांच्या वाटा वरून जात, आणि वरची जमीन इतकी हलकी होती की केवळ शेतीवर कुटुंबाचे भागत नसे. म्हणून शेतकऱ्यांच्या घरांतच लोकर पिंजली जाई, सूत कातले जाई आणि करसी नावाचे जाडेभरडे लोकरी कापड विणले जाई. मात्र ते कुटून घट्ट करणाऱ्या गिरण्यांना वाहते पाणी लागे, त्यामुळे त्या खाली ओढ्याकाठी असत. जुन्या नकाशावर घर, वाट आणि ओढा यांचा हा संबंध आधी स्वतः रेखून पाहावा.

त्यानंतर गावात हिंडावे. वरच्या मजल्यावर दगडी उभ्या पट्ट्यांनी विभागलेल्या खिडक्यांची लांब रांग दिसली, तर तेथे मागासाठी उजेड हवा होता असे बहुधा मानता येते. पण केवळ खिडक्यांवरून घराचे शतक ठरवू नये, कारण त्या पुढे बसवलेल्या असू शकतात. शेताच्या नावात ‘टेंटर’ हा शब्द आढळल्यास तेथे ओले कापड आकड्यांना अडकवून, चौकटीवर ताणून वाळवले जात असावे. हेप्टनस्टॉलमध्ये १६व्या शतकाच्या मध्यास बांधलेली कापडबाजाराची इमारत आहे, तर जवळच्या हॅलिफॅक्स शहरातील ३१५ खोल्यांचा पीस हॉल हा कापडबाजार १७७९ मध्ये उघडला. या दोन इमारती एकत्र विचारात घेतल्या म्हणजे व्यापार कोणत्या दिशेने वाढला, ते कळू लागते.

कागदपत्रांत सर्वांत मोलाची वाटते ती मृत व्यक्तीच्या मालमत्तेची यादी. शेजारी घरभर फिरून ती तयार करत, त्यामुळे तिच्यात गायी, ओटचे पीठ, माग आणि अर्धवट विणलेले कापड शेजारीशेजारी नोंदलेले सापडते. मृत्युपत्रात ज्याला ‘योमन’, म्हणजे स्वतःच्या जमिनीचा शेतकरी, म्हटले आहे, त्याच्या यादीत दोन माग निघू शकतात. म्हणून पदनामापेक्षा वस्तूंवर विश्वास ठेवावा. ‘क्लोदियर’ हा शब्दही जपून वाचावा, कारण पूर्व इंग्लंडमधील सफक परगण्यात तो बहुधा अनेकांना काम देणारा धनिक व्यापारी असे, तर हॅलिफॅक्सच्या परिसरात पुष्कळदा घरच्यांना घेऊन आठवड्याला एखादा तागा विणणारा लहान कारागीर असे. वॉकर (कापड तुडवणारा), लिस्टर (रंगारी) आणि वेबस्टर (विणकर) ही आडनावे मोह पाडतात, पण १६व्या शतकापर्यंत ती वंशपरंपरागत झाली होती, तेव्हा त्यांवरून कोणाचा धंदा ठरवू नये.

चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश १५३८ चा आहे; प्रत्येक गावाच्या वह्या तितक्या जुन्या टिकल्या नाहीत. मॅनरच्या, म्हणजे स्थानिक जमीनदारीच्या, न्यायालयाचे कागद १७३३ पर्यंत बहुतांशी लॅटिनमध्ये आहेत. शिवाय १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीतील दफन आजच्या हिशेबाने पुढच्या वर्षी मोजावे लागते. हा फरक विसरण्याची चूक अनेक चांगल्या वंशावळींत शिरलेली असते.

शेवटी गावाची उतरण तपासावी. खोऱ्यातून जाणारा रोचडेल कालवा १८०४ मध्ये पूर्ण झाला, १८४० मध्ये लोहमार्ग आला, आणि पाण्यावर व वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांनी काम खाली खोऱ्यातील हेब्डन ब्रिज या गावाकडे ओढून नेले. ही घटना नुसत्या सनावळीत सांगू नये. १८४१ आणि १८५१ ची जनगणना घेऊन त्याच गल्लीतील घरे एकापुढे एक मांडावीत. १८५१ मध्ये कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि जन्मगावही दिलेले असल्याने, बाप हातमागावर आणि मुले गिरणीत अशी कुटुंबे शोधता येतात, आणि ती कोणत्या घरात राहत होती हे मग पुन्हा त्या खिडक्यांखाली उभे राहून पाहता येते.