भेग बुजवण्याआधी इंजिनिअर बोलवा

घराला तडा गेला की आपण आधी गवंड्याला फोन करतो. तो येतो, सिमेंट भरतो, वरून रंग मारतो आणि इमारतीचा सांगाडा तपासणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला जे बघायचं असतं नेमकं तेच झाकून जातो. आधी आमच्या सोसायटीची सचिव म्हणून, मग नाशिकच्या पंचवटीतल्या मामांच्या वाड्यासाठी आणि नंतर सिडकोतल्या बहिणीच्या घरासाठी मी इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली आहे. ‘बारीक भेग आहे, काही होत नाही’ हा सल्ला आता माझ्याच्याने ऐकवत नाही.

प्लास्टरवरच्या जाळीसारख्या केसभर भेगांना बहुतेक वेळा इंजिनिअर लागत नाही. कॉलमवर उभी भेग, बीमवर तिरकी भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली भेग, स्लॅबचे पोपडे पडून उघडी झालेली सळई, गेल्या वर्षीपर्यंत नीट लागणारं आणि आता चौकटीत अडकणारं दार, यांतलं एक जरी दिसलं तरी बोलवा. सळईच्या रेषेत गेलेली भेग सगळ्यांत फसवी असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. म्हणजे भेग बाहेर दिसते तेव्हा आतलं नुकसान होऊन गेलेलं असतं. कॉलम फुगलेला दिसला तर मात्र वाट बघू नका, आधी माणसं बाहेर काढा.

काळ्या मातीवरच्या घरांत भेग मे महिन्यात रुंदावते आणि पावसात मिटते. मिटली म्हणून निर्धास्त होऊ नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहा.

भेग नसतानाही बोलवायच्या वेळा आहेत. बैठ्या घरावर मजला चढवण्याआधी. वाड्यातली भिंत काढण्याआधी, कारण तिथे बहुतेक भिंतीच भार पेलतात. गच्चीवर नवी टाकी ठेवण्याआधी. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. जुना फ्लॅट घेताना, तेही टोकन देण्याआधी. शेजारच्या प्लॉटवर बेसमेंट खोदायला सुरुवात होण्याआधी. गोदाकाठी राहत असाल तर तळमजल्यातून पुराचं पाणी ओसरल्यावर.

इमारतीला 30 वर्षं झाली की तपासणी ऐच्छिक राहत नाही; महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ प्रमाणे ती मालकाने किंवा भोगवटादाराने करून घ्यायचीच असते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर 15 ते 30 वर्षांच्या इमारतीसाठी दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. उलट इमारत नवी असेल तर ताबा घेतल्यापासून 5 वर्षांच्या आतला बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याचं कलम 14(3) सांगतं. त्या तक्रारीला आपल्या इंजिनिअरचा अहवाल जोडा.

नावं महापालिकेच्या नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या यादीतून घ्या.

खरी कसोटी पुढे आहे: तो माणूस स्वतंत्र असणं. आमच्या सोसायटीला पहिल्या वेळी एका दुरुस्ती कंत्राटदाराने ‘ऑडिट फुकट करून देतो’ म्हणून सांगितलं आणि आम्ही हो म्हणालो. अहवाल म्हणून हातात पडलं ते दरपत्रक होतं. कुठल्या कॉलमला काय झालंय, कशामुळे झालंय, यावर एक ओळ नव्हती. पार्किंगमधल्या कॉलमांना नवं प्लास्टर चढलं, सभासदांचे पैसे गेले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे पडायला लागले. एक पोपडा मी उचलून उलटा केला. आतल्या बाजूला सळईचा तांबडा ठसा पिळासकट उमटलेला होता. गंज न खरवडता वरून लिंपलं होतं, आणि वरच्या बाथरूमचा गळका पाइप तसाच होता.

तेव्हापासून मी तीन गोष्टींवर अडून बसते. पहिली, फी ठरावीक रकमेत. दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्क्यांत अजिबात नाही. खर्च फुगला की ज्याची फी फुगते, त्याला स्वतंत्र म्हणता येत नाही. दुसरी, दुरुस्तीचं काम, केमिकल, वॉटरप्रूफिंग यांतलं तो काहीही विकत नसावा आणि कंत्राटदारही त्याने सुचवू नये. तिसरी, बिल्डरच्या इंजिनिअरकडून जुने नकाशे जरूर मागून घ्या, पण मत दुसऱ्याचं घ्या. स्वतःच्या डिझाइनमधली चूक लिहून देणं कुणालाही जड जातं. हे सगळं नेमणुकीच्या पत्रात लिहा. कुठल्या मजल्यावर किती कॉलम तपासणार, कुठल्या चाचण्या करणार, दुरुस्ती चालू असताना किती वेळा येणार, हेही त्यात हवं. अहवालात दोषाचं कारण आणि दुरुस्तीचा क्रम पाहिजे, असं स्पष्ट लिहा. हे पत्र मान्य करायला जो कुरकुरतो, त्याला नेमू नका.

पाहणीच्या दिवशी सगळे फ्लॅट उघडे ठेवा, पीओपीच्या छतासकट. नुसता हातोडा टेकवून आकडे लिहिणाऱ्यावर समाधान मानू नका. हा हातोडा, म्हणजे रिबाउंड हॅमर, पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुनं झालेलं काँक्रीट वरून जास्तच कडक लागतं. म्हणून अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) चाचणी आणि फिनॉल्फथॅलिन या रसायनाची फवारणीही करायला लावा. काँक्रीट ताजं फोडून त्यावर फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो, बिघडलेला बेरंग राहतो. मामांच्या वाड्यामागच्या आरसीसी खोलीत तो बेरंग पट्टा थेट सळईपर्यंत पोचलेला मी डोळ्यांनी पाहिला. तिथे सळईचं संरक्षण संपलेलं होतं.

अहवालात टेकू द्यायला सांगितलं असेल तर त्याच दिवशी द्या. त्याच अहवालावर तीन कंत्राटदारांचे दर मागवा. काम सुरू झाल्यावर सळई उघडी करून, गंज घासून साफ झाली की इंजिनिअरला बोलावून दाखवा, तारखेसह फोटो काढा. त्याची सही झाल्याशिवाय कॉलमवर थापी फिरू देऊ नका.