जुनी डिझेल जीप सुरू होत नाही? आधी या चुका टाळा

जुन्या डिझेल जीपचा मालक माझ्याकडे गाडी ओढत घेऊन आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भाऊ, पंपच गेला असन." पंप गेलेला नसतो. गेलेली असते एखादी तांब्याची वायसर, एखादा रबरी पाइप, नाहीतर मालकाचा धीर.

आमच्या पांढरकवडा-घाटंजी भागात महिंद्राच्या जुन्या जीपा अजून बऱ्याच आहेत. काही वावरात जातात, काही कालीपिली म्हणून झिजून मग विकल्या गेल्या. हल्ली शहरातली पोरं त्या शोधत येतात. गाडी घेतली की आधी मोठे टायर, पुढे विंच, वर लाइटची पट्टी. सकाळी मात्र गाडी धक्क्यावर. लाइटच्या पट्टीच्या पैशात अख्खी डिझेल लाईन नवी झाली असती, पण ती फोटोत दिसत नाही ना.

धूर न बघता पाना उचलणं

बोनेट उघडू नका. एकाला सेल्फ मारायला बसवा आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे जाऊन उभे राहा. इंजिन नेहमीच्या वेगानं फिरतंय पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. पांढरा धूर आणि नाकाला झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर (थंड इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग), कॉम्प्रेशन, टायमिंग बघायचं. सुरू झाल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. दोन मिनिटांचं काम आहे, पण इतकंही न करता लोक नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारं तोंड, खोलायला बसतात.

"डिझेल गळत नाही, म्हणजे लाईन ठीक आहे"

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता रागही येत नाही. टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे ढकलतो तो छोटा फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतची लाईन ही ओढणारी बाजू. तिथे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येईलच असं नाही, हवा मात्र आत जाते. खाली जमीन कोरडी, पाइप कोरडा, आणि गाडी मात्र रोज सकाळी रुसलेली.

घाटंजीकडच्या एकाची महिंद्रा कमांडर जीप होती. दिवसभर सुरळीत चालायची. रात्रभर उभी राहिली की सकाळी नुसती गरगर. फीड पंपाचा हातपंप मारला की सुरू व्हायची. त्यानं नागपूरला नेऊन मुख्य पंप कॅलिब्रेट करून घेतला, चारही नोझल नवे टाकले, बॅटरी बदलली. तरी सकाळ तीच. माझ्याकडे आणली तेव्हा मी एकच विचारलं, रात्री गाडी कुठे लावता? म्हणे, घरासमोर चढ आहे, तोंड वर करून लावतो. वावरातल्या सपाट जागेवर मुक्काम पडला तर सकाळी सुरू व्हायची, हे त्याला तेव्हा आठवलं.

मी टाकीची लाईन फीड पंपापासून सोडवली. मडगार्डवर स्वच्छ डिझेलची पाच लिटरची कॅन ठेवली, तिच्यातून नवा पाइप थेट फीड पंपाला दिला, हवा काढली आणि गाडी तशीच चढावर ठेवली. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. म्हणजे फीड पंपापासून पुढचं सगळं चांगलं, दोष मागच्या बाजूला. मग जुनी लाईन परत जोडून मध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली. इंजिन चालू केलं तर नळीतून बुडबुड्यांची माळ निघाली. हात फिरवत मागे गेलो. चेसिसवर लोखंडी पाइपला रबरी पाइप जोडला होता, तिथे क्लिपऐवजी कुणीतरी बांधायची तार आवळली होती. तार दोन ठिकाणी रुतते, बाकी गोलाई सैलच राहते. वरून रबर उन्हानं तडकलेलं. पाइपचा नवा तुकडा आणि दोन क्लिपा लावल्या, काम संपलं. मालक विचारतो, "मंग पंपाचे पैसे काऊन घेतले त्यानं?" मी म्हटलं, तुम्ही पंप कर म्हणाले, त्यानं पंप केला.

तेव्हा लाईनला तार बांधायची नाही. बांधलेली दिसली तर आधी तीच बदला. आणि हवा काढताना फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत. चार वेळा पंप मारून "झालं असन" म्हणणाऱ्याला परत मारावाच लागतो.

ईथर आणि बोळा

सुरू होत नाही म्हणून हवेच्या तोंडात ईथरचा स्प्रे मारणारे आणि काठीला डिझेलचा बोळा पेटवून एअर क्लीनरसमोर धरणारे, दोघांनाही मी माझ्या दारात उभं करत नाही. हीटर तापलेले असताना ईथर गेलं तर ते वेळेआधीच पेटतं. पिस्टन किंवा रिंगा जातात. बोळ्याच्या बाबतीत एवढंच लक्षात घ्या की जुन्या एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल असतं.

हीटरचं खरं काम सोपं आहे. महिंद्राच्या जुन्या जीपांमधल्या प्यूजोच्या २११२ सीसी एक्सडीपी इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये नाही, आधी छोट्या खोलीत जातं, म्हणून थंडीत त्याला हीटर लागतातच. पौषातल्या पहाटे वीस-तीस सेकंद द्या, मग सेल्फ. पोरं चावी फिरवतात तशीच सेल्फवर नेतात आणि वर म्हणतात हीटर खराब. प्रत्येक हीटरची जोडणी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं हीटरच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तर तो हीटर गेला. महिंद्राच्याच २५२३ सीसीच्या एमडीआय इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्याला सहसा हीटर नसतात. तरी लोक शोधत बसतात.

नवी बॅटरी, जुनी अर्थिंग

सेल्फ जड फिरतो म्हणून बॅटरी बदलण्याआधी इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी काढून बघा. खाली गंज आणि ग्रीस निघेल. पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा. मी बॅटरीच्या मायनसपासून सरळ सेल्फच्या बोल्टपर्यंत एक जाड केबल टाकतोच, गाडी कुणाचीही असो. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर मग तिच्यावर संशय घ्या. आणि सेल्फ दहा सेकंदांच्या वर दाबून ठेवू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

गाडी मिसिंग करते म्हणून चारही नोझल बदलणं

सुरू झाली पण थरथरते, एक सिलिंडर मारत नाही. कोणता, ते आधी शोधा. स्लो आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा आणि परत आवळायचा. सैल केल्यावर इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. वर चिंधी धरा, चेहरा लांब ठेवा. तिथला फवारा कातडीत घुसतो आणि ते प्रकरण दवाखान्यात जातं.

सापडला की त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये घाला, शेजारचं इकडे. मिसिंग सोबत गेलं तर दोष नोझलचा. तिथेच राहिलं तर टॅपेट, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन. हे करताना नोझलखालची तांब्याची वायसर नवीच घाला. जुनी खाली चिकटून राहते आणि तिच्यावर दुसरी बसवली जाते. मग गॅस गळतो, फुस्-फुस् आवाज येतो, आणि दोष बिचाऱ्या नोझलवर.

बाकीच्या चुका थोडक्यात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका, पंपाचं वंगण जातं. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून महिनाभर गाडी उभी करू नका, आत पाणी धरतं. फिल्टरच्या तळाचा बूच सोडून पाणी काढा. कापूस वेचणीच्या दिवसांत एअर क्लीनरची वाटी आठवड्याला उघडा, खाली धूळ आणि रुईचा गाळ असतो. ऑइल खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं इंजिन ओढून घेतं, आणि डिझेल इंजिनाला ऑइलही इंधनच, चावी बंद केली तरी ते थांबत नाही. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर कशानं बरी झाली हे कधीच कळणार नाही.

नाल्यात बंद पडली की लगेच सेल्फ

यावर मात्र भांडायला तयार आहे. आमच्याकडे पावसात नाला ओलांडताना गाडी मध्येच गप होते, आणि काठावर उभी पोरं ओरडतात, "मार ना बे सेल्फ!" नाही मारायचा. धक्काही नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ट्रॅक्टरनं न्यूट्रलमध्येच बाहेर ओढा. एअर क्लीनरची वाटी सोडा. ऑइलवर किंवा खाली पाणी दिसलं तर चारही नोझल काढा, मग सेल्फ मारा, भोकांवर तोंड न नेता. पाणी उडून बाहेर येईल. त्यानंतर डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते सगळं बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका, घर कितीही जवळ असलं तरी.