मूल गाडी चालवू लागलं? अमेरिकेत अम्ब्रेला पॉलिसी काढाच

अमेरिकेत घर घेतलंय आणि मुलं गाडी चालवण्याच्या वयाची झालीत, तर अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे गाडीच्या आणि घराच्या विम्याची मर्यादा संपल्यावर कामी येणारा जादा विमा, काढायला उशीर करू नका. समजा, मुलाच्या चुकीने अपघात झाला आणि जखमी माणसाला 9 लाख डॉलर भरपाई द्यायची वेळ आली. गाडीच्या विम्याची माणशी मर्यादा 2.5 लाख असेल, तर उरलेले साडेसहा लाख तुमच्या बचतीतून, बऱ्याच राज्यांत पुढच्या पगारातूनही वसूल होऊ शकतात. अम्ब्रेला पॉलिसी तिथून पुढे सुरू होते. ती साधारण 10 लाख डॉलरपासून मिळते आणि वर्षाचा हप्ता बहुतेकदा काहीशे डॉलरच असतो. पाहुणा तुमच्या स्विमिंग पूलमध्ये जखमी झाला किंवा कुणी बदनामीचा दावा लावला, तर तेही बहुतेक पॉलिसींत येतं.

एक अट मात्र नीट वाचा. कंपनी आधी गाडीच्या आणि घराच्या विम्याची मर्यादा वाढवायला लावते. गाडीसाठी बहुधा माणशी 2.5 लाख आणि एका अपघाताला 5 लाख. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायद्याने लागणारी किमान मर्यादा माणशी फक्त 30 हजार आहे, म्हणजे तेवढ्यावर भागत नाही. नंतर हप्ता वाचवायला ही मर्यादा खाली आणलीत, तर मधली रक्कम तुम्हालाच भरावी लागते. गाडीला हात लावणाऱ्या घरातल्या प्रत्येकाचं नाव कंपनीला कळवा.

आणि भारतातून आलेल्या आईबाबांचा दवाखान्याचा खर्च यात मिळत नाही, त्यांचा व्हिजिटर विमा वेगळा काढा.