पेटीवर द्रुत तान अडखळते? या चुका टाळा

हार्मोनियमवर ठाय, म्हणजे संथ लयीत स्वच्छ वाजणारी तान (स्वरांची सलग ओळ) चौगुनीत, म्हणजे चौपट वेगात कोलमडली की आपण बोटांना नावं ठेवतो. बहुतेक वेळा दोष बोटांचा नसतो, त्यांचा क्रमच ठरलेला नसतो. संथ लयीत कुठलंही बोट कुठल्याही पट्टीवर नेलं तरी निभावतं. द्रुत लयीत तेवढी उसंत नसते.

यमन रागाची साधी तान घ्या, षड्ज म्हणजे सा पांढरी एक या पट्टीवर: नि रे ग म॑ ध नि सां ऽ, नि ध प म॑ ग रे सा ऽ (पहिला नि मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला; ऽ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा). चढताना अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि काळी तीनवरच्या तीव्र मध्यमाला अनामिका. मग अंगठा खालून सरकवून ध, तर्जनीने नि, मधल्या बोटाने सां. उतरताना मात्र पंचमावर अंगठा आला पाहिजे, तरच अनामिका त्याच्यावरून मध्यमावर जाते आणि ग रे सा ओळीने मिळतात. पंचमावर अंगठा यायचा तर सां अनामिकेवर हवा. म्हणून सां लांबवतानाच त्या पट्टीवर मधलं बोट काढून अनामिका आणायची. गाडी अडते ती नेमकी इथे. आरोह आणि अवरोह वेगवेगळे घोटणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही. ‘ध नि सां ऽ नि ध प म॑’ एवढाच तुकडा फिरवा. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात केली, तर जे येतंय त्याचाच रियाज होतो!

पट्ट्या आपटू नका. पेटीचा आवाज भात्याच्या हवेवर ठरतो. जोर लावून मनगट तेवढं कडक होतं. बोट उचलायला उशीर झाला तर दोन स्वर एकदम वाजतात आणि तान चिकट ऐकू येते. आणि डावा हात उजव्याच्या नादी लागून स्वरागणिक भात्याला हिसके देत असेल, तर आधी एकच स्वर धरून भाता सलग चालवून पाहा.

लय मिनिटाला 60 मात्रांवर ठेवा, मात्रेला चार स्वर. सलग काही आवर्तनं स्वच्छ आली तर 64. एकदा जमली म्हणून थेट 90 वर उडी मारली की जुनी गडबड परत येते. वर दिलेली तान चार मात्रांची आहे, त्यामुळे सोळा मात्रांच्या तीनतालात तेराव्या मात्रेला उचलली की बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येता.