ए-लेव्हल इकॉनॉमिक्सचा अभ्यास कसा करायचा

इंग्लंडात सिक्स्थ फॉर्मला (म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत) इकॉनॉमिक्स घेतलंय ना, मग नुसत्या व्याख्या घोकत बसू नका, त्या लागतातच पण खरा कस लागतो तो डायग्राम आणि इव्हॅल्युएशनला, म्हणजे मुद्दा कितपत टिकतो ते तोलून बघण्याला. एक्यूए हे परीक्षा बोर्ड असेल तर 25 मार्कांचा निबंध असतो, आणि तिथे पोरं पाठ केलेलं सगळं ओतून मोकळी होतात.

त्यापेक्षा एकच उदाहरण नीट पकडा. एप्रिल 2018 पासून साखरवाल्या कोल्ड्रिंकवर तिकडे लेव्ही, म्हणजे कर, आहे. डायग्राममध्ये सप्लाय कर्व्ह (पुरवठ्याची रेषा) वरच्या बाजूला सरकवा, पी1, पी2 (आधीची आणि नंतरची किंमत) लिहा (अ‍ॅक्सिसला नावं द्यायची राहतात बघा, हमखास), मग म्हणा की 100 मिलीला 5 ग्रॅमच्या खाली साखर असेल तर लेव्हीच नाही, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी आधीच साखर कमी केली, म्हणजे परिणाम नुसत्या किमतीतून झालाच नाही. हे झालं इव्हॅल्युएशन!

मॅक्रोला, म्हणजे सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेच्या भागाला, बँक ऑफ इंग्लंडचे व्याजदराचे निर्णय बघा, वर्षातून 8 वेळाच येतात, सारांश वाचला तरी पुरे. महागाईचं टार्गेट 2 टक्के आणि ऑक्टोबर 2022 ला प्रत्यक्ष महागाई 11.1 टक्के, एवढे आकडे तोंडपाठ ठेवा.

आणि जुने पेपर घड्याळ लावूनच सोडवा.