‘इंग’ दिसलं की आधी थांबायचं: इंग्रजीतून चेकमध्ये टेक्निकल भाषांतर करतानाचे अनुभव

महिन्यातून एखादा तरी मेसेज येतोच, ताई मी मेकॅनिकल केलंय, चेकला मास्टर्सला आलोय, भाषा बऱ्यापैकी जमते, तर भाषांतराचं काम मिळेल का. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझं सांगते. मी कोल्हापूरची, वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, त्यामुळे भट्टी, साचा, कोअर, वाळू हे शब्द मला बाराखडीच्या आधी कळले असं आई म्हणते. चेकमधल्या ब्रनो शहरात येऊन आठ वर्षं झाली. काम म्हणजे मशीनची मॅन्युअल्स, पंप, कॉम्प्रेसर, प्रेस, इंग्रजीतून चेकमध्ये. हे काम एवढं निघतं कुठून, तर युरोपियन युनियनचा 2006 चा मशिनरी डायरेक्टिव्ह, म्हणजे यंत्रांसाठीचा नियम आहे, त्यात यंत्र ज्या देशात विकायचं त्या देशाच्या भाषेत सूचना पुस्तिका द्यावीच लागते. म्हणजे कोणी वाचो न वाचो, भाषांतर होणारच. (कोणी वाचत नाही. पण अपघात झाला की सगळे वाचतात.)

आणि एक गोष्ट आत्ताच स्पष्ट सांगते, मी शेवटचा हात फिरवत नाही. चेक माझी मातृभाषा नाही, कधी होणारही नाही. मी पहिला ड्राफ्ट करते, शब्दांची यादी बनवते, मशीन नेमकं काय करतं ते समजून सांगते, आणि मग आमची करेक्टर बाई, जन्मापासून चेक, ते लाल करून परत पाठवते. आयएसओ 17100 या भाषांतर सेवांच्या मानकाप्रमाणे दुसऱ्या माणसाने तपासायचंच असतं, त्यामुळे यात कमीपणा वाटून घेऊ नका. तुमची किंमत मशीन कळण्यात आहे.

आता मुद्द्याचं. माझी पहिल्या महिन्यातली चूक ऐका. मूळ वाक्य साधं होतं, कास्टिंगला तडे आहेत का तपासा. मी डिक्शनरीत कास्टिंग बघितलं, ‘लिती’ असा शब्द मिळाला, टाकला. करेक्टर बाईंनी समासात लिहिलं होतं, ओतण्याच्या क्रियेला तडा कसा जातो हे मला बघायला आवडेल. मी आधी चिडलेच, म्हटलं फाउंड्रीवाल्याची पोरगी मी, मला कास्टिंग शिकवता का! मग डोक्यात प्रकाश पडला. चेकमध्ये ओतण्याची क्रिया म्हणजे ‘लिती’ किंवा ‘ओद्लेवानी’, आणि ओतून तयार झालेला तुकडा म्हणजे ‘ओद्लितेक’. तडा जातो तो ओद्लितेकला. आमच्या फाउंड्रीत दोन्हीला कास्टिंगच म्हणायचे, “आज कास्टिंग आहे” आणि “ते कास्टिंग उचल”, कुणाचं काही अडलं नाही कधी.

इथेच सगळी मेख आहे. इंग्रजी शब्दांच्या शेवटी येणारा ‘इंग’ हा एक नंबरचा गुळमुळीत प्राणी आहे. त्यात चालू असलेली क्रिया, पूर्ण झालेली क्रिया आणि क्रियेतून निघालेली वस्तू असं तिन्ही एकाच पिशवीत कोंबलेलं असतं. चेक भाषेला ही पिशवी चालत नाही, तिला प्रत्येक गोष्ट वेगळ्या डब्यात हवी. फोर्जिंग क्रिया असेल तर ‘कोवानी’, घडवलेला तुकडा असेल तर ‘वीकोवेक’. वेल्डिंग करणं म्हणजे ‘स्वार्झोवानी’, वेल्डची शिवण म्हणजे नुसतं ‘स्वार’ (घोड्यावरचा नाही), आणि वेल्ड करून जोडलेला अख्खा भाग म्हणजे ‘स्वार्झेनेत्स’. ड्रॉइंग तर सगळ्यात वाईट, तार ओढणं असेल तर ‘ताझेनी’ आणि कागदावरचं असेल तर ‘वीक्रेस’, आणि वायर बनवणाऱ्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही एकाच पानावर असतात! असेंब्लीचं तेच, जोडणीचं काम ‘मोन्ताझ’, जोडून झालेला संच ‘सेस्तावा’. म्हणून माझा नियम, ‘इंग’ दिसलं की डिक्शनरी उघडायची नाही. आधी स्वतःला विचारायचं, ही गोष्ट हातात धरता येते का? येत असेल तर क्रियेचा शब्द टाकायचाच नाही. नसेल येत, तर पुढचा प्रश्न.

पुढचा प्रश्न म्हणजे ‘विद’, क्रिया चालू आहे की संपली हे चेक क्रियापदातच दाखवावं लागतं, त्याला विद म्हणतात. चेकच्या पहिल्या क्लासला बाईंनी फळ्यावर दोन क्रियापदं लिहिली, ‘प्सात’ आणि ‘नाप्सात’, दोन्हीचा अर्थ लिहिणे. वर्गातला एक अमेरिकन पोरगा म्हणाला, मग दोन कशाला? पहिलं म्हणजे लिहीत असणं, चाललंय, किंवा रोजचं आहे. दुसरं म्हणजे लिहून पूर्ण, विषय संपला. जवळजवळ प्रत्येक क्रियेची अशी जोडी असते, आणि कधीकधी जोडीतले दोघं एकमेकांसारखे दिसतही नाहीत, घेत असणं म्हणजे ‘ब्रात’ आणि घेऊन झालं की ‘व्झीत’. पाठ करण्यावाचून इलाज नाही.

पण आपल्याला इथे एक फायदा आहे जो त्या अमेरिकन पोराला नव्हता. वर मी “लिहून टाकते” म्हणाले ना, “लिहिते” नाही म्हणाले. का बरं? कारण मला ते संपवायचंय. लिहून टाकणं, लिहून काढणं, लिहीत बसणं, हे फरक आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत. त्यामुळे मी इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत बोलते, मग चेककडे जाते. “फिल्टर साफ करा” हे एकदाचं काम आहे, झालं की पुढची पायरी, तर ‘विचिस्त्येते’. “फिल्टर दर आठवड्याला साफ करत जा” असं मराठीत आलं की लगेच कळतं, ‘चिस्त्येते’. इंग्रजीत दोन्हीकडे तेच क्लीन.

नकाराचंही बघा. मशीन चालू असताना झाकण उघडू नका, इथे चेकमध्ये न-संपणारं क्रियापद येतं, ‘नेओत्वीरेयते’. नव्या पोरांना हे उलटं वाटतं. पण मराठीत आपण “झाकण उघडून टाक” म्हणतो आणि नकारात “उघडून टाकू नको” म्हणत नाही, सरळ “उघडू नको” म्हणतो, तो ‘टाक’ गळून पडतो. तसंच काहीसं. मात्र चुकून होणाऱ्या गोष्टींना, म्हणजे पडू नका, विसरू नका, तिथे चेक पुन्हा संपणारं क्रियापद घेते, ‘नेझापोमेन्यते’. शिवाय आपल्या ‘टाक’ला एक वैताग चिकटलेला असतो, चेकच्या जोडीला तसा काही वास नसतो, म्हणून मराठीचा आधार एका मर्यादेपर्यंतच.

यावरून माझी एक फजिती. प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन आला, चाळीस पानं कधी? मी ऐटीत सांगितलं, “बुदु तो प्र्झेक्लादात झीत्रा.” पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग, “आ प्र्झेलोझीते तो?” म्हणजे मी म्हटलं होतं उद्या मी भाषांतर करत असेन, आणि तो विचारत होता, बरं, पण करून द्याल का? डेडलाइनच्या बाबतीत चेक माणूस हा फरक पैशाइतका बारीक मोजतो, लक्षात ठेवा.

विद कानात बसवायचं असेल तर प्रागच्या मेट्रोत बसा. दर स्टेशनला तीच घोषणा, “उकोन्चेते, प्रोसीम, वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीराई.” उतरणं-चढणं संपवा, दारं बंद होतायत. पहिला शब्द संपवणारा, शेवटचा चालू असलेला. दारं बंद होतायत, झालेली नाहीत, म्हणून लोक तेवढ्यात उडी मारतातच.

मग येतात उपसर्ग, आणि इथे मला शाळेतल्या संस्कृतच्या बाई आठवल्या. उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. म्हणजे उपसर्ग लागला की धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडेच ओढला जातो. आम्ही मार्कांसाठी घोकलं होतं, उपयोग ब्रनोत झाला. त्याच ‘प्सात’ला पुढे काय लावता त्यावर सगळं फिरतं. ‘पोप्सात’ वर्णन करणं, ‘ओप्सात’ बघून उतरवणं (परीक्षेतली कॉपीसुद्धा), ‘पोदेप्सात’ सही करणं, ‘प्र्झेदेप्सात’ डॉक्टरने औषध लिहून देणं, ‘प्र्झेप्सात’ पुन्हा लिहिणं किंवा जुन्यावर नवीन लिहिणं, ‘ओदेप्सात’ पत्राला उत्तर देणं आणि अकाउंटवाल्यांच्या तोंडी रक्कम राइट ऑफ करणं. त्यामुळे क्रियापद एकेकटं पाठ करू नका, अख्खं कुटुंब एका पानावर लिहा. माझी अशी वही आहे, कळकट झालीय पण कोणाला देणार नाही.

लांबलचक इंग्रजी नावांना घाबरू नका. पंप शाफ्ट सील रिप्लेसमेंट प्रोसिजर. मराठीत पंपाच्या शाफ्टचं सील बदलायची पद्धत, क्रम तोच राहतो. चेकमध्ये शेवटून सुरू करायचं, पद्धत बदलण्याची सीलच्या शाफ्टच्या पंपाच्या: ‘पोस्तुप वीम्येनि त्येस्न्येनी ह्र्झीदेले चेर्पाद्ला’. पहिला शब्द सोडला तर सगळे षष्ठीत. पाचपेक्षा जास्त डबे जोडले की करेक्टर बाई मधेच क्रियापद घालून गाडी तोडतात, आणि ते बरोबरच असतं.

आता ओळखीचे चेहरे घालून येणारे शब्द. ‘कोन्त्रोला’ म्हणजे कंट्रोल नव्हे, तपासणी. कंट्रोल पॅनलला मी एकदा तपासणी पॅनल केलं होतं, पाठवायच्या आधी सापडलं म्हणून वाचले. ‘आक्त्से’ म्हणजे कृती खरं, पण सुपरमार्केटमध्ये पिवळ्या पाटीवर तोच शब्द सेल म्हणून असतो, आल्यावर पहिले दोन महिने मला वाटायचं हे लोक बटाट्याला एवढं गंभीरपणे का घेतायत. ‘प्रोत्सेस’ म्हणजे प्रक्रिया, पण पेपरात दिसला तर बहुतेक कोर्टातला खटला. ‘र्झीझेनी’ तर बघूच नका, गाडी चालवणं तेच, प्रोजेक्ट सांभाळणं तेच, सरकारी ऑफिसात आपल्या अर्जावर चाललेली कार्यवाही तीही तेच. आणि ‘चेर्पानी’, पंपाने पाणी उपसणं, पण एचआरच्या भाषेत सुट्टी घेणंही तेच, म्हणजे हे लोक रजा विहिरीतून उपसल्यासारखी उपसतात. मला हे फार आवडतं.

उष्णतेच्या प्रक्रियांमधला एक शब्द सांगते आणि मग पुढे जाते. क्वेंचिंग म्हणजे ‘कालेनी’, तापवलेलं पोलाद झटकन थंड करणं. एका शुक्रवारी पबमध्ये मी थकून म्हणाले, सकाळपासून माझं कालेनीच चाललंय, आणि टेबल हसून लोळलं. बोलीभाषेत ‘कालित’ म्हणजे रात्रभर ढोसणं. सोमवारी ऑफिसात सगळ्यांना माहीत.

साधनं फार लागत नाहीत. चेक नॅशनल कॉर्पसचं (कॉर्पस म्हणजे खऱ्या मजकुरांचा साठा) ‘त्रेक’ नावाचं फुकट टूल आहे, इंग्रजी शब्द टाकला की खऱ्या भाषांतरांमध्ये त्याला चेकमध्ये काय काय वापरलंय आणि किती वेळा ते दाखवतं. डिक्शनरी सांगते काय होऊ शकतं, त्रेक सांगतं लोक काय करतात. कायद्याच्या आणि सुरक्षेच्या वाक्यांसाठी युर-लेक्सवर, म्हणजे युरोपियन युनियनच्या कायद्यांच्या साइटवर, इंग्रजी आणि चेक शेजारीशेजारी उघडा, तिथला शब्द आहे तसा उचला, शहाणपणा नको. व्याकरणाला चेक भाषा संस्थेचं ऑनलाइन हँडबुक. मशीन ट्रान्सलेशन मी वापरते, लपवत नाही, वाक्य गुळगुळीत येतं, पण तेच कास्टिंग एका ओळीत लिती आणि दुसरीत ओद्लितेक योग्य जागी आहे ना ते बघायला माणूस लागतो.

पैशाचं विचारता म्हणून, इथे रेट शब्दावर कमी, ‘नोर्मोस्त्राना’वर जास्त चालतो, म्हणजे स्पेस धरून 1800 अक्षरांचं एक पान. कोटेशन देताना मूळ मजकुरावर मोजायचं की भाषांतरावर हे आधी लिहून घ्या. मी एकदा नव्हतं घेतलं, एका एजन्सीने तीन महिने घोळवलं.

आणि भाषा किती यायला हवी? (इथे पातळ्या ए1 पासून सी2 पर्यंत मोजतात.) पर्मनंट रेसिडेन्सीला सप्टेंबर 2021 पासून ए2 लागते, नागरिकत्वाला बी1. त्यावर दुकानात भांडता येतं, मॅन्युअल नाही लिहिता येत. माझ्या मते सी1 च्या आधी पैसे घेऊन काम करू नका, तोवर शब्दयाद्या बनवा, टेस्टिंग करा, एखाद्या कारखान्यात शॉपफ्लोअरवर उभं राहून लोक काय बोलतात ते ऐका.

ते लिती-ओद्लितेकचं प्रकरण मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं होतं तेव्हा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, साच्याला काय म्हणतात तिथं?” म्हटलं, ‘फोर्मा’. “म्हंजे फर्माच की गं,” म्हणाले, “मग एवढी फी कशाची भरलीस?”