डायव्हिंगची सुट्टी: मालवणला निघण्याआधी या चुका टाळा

मे महिना लागला की मालवणच्या जेट्टीवर तेच दृश्य दिसतं. दहाजणांची बोट, दोन मिनिटांत उरकलेल्या सूचना, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: 'खाली किती वेळ मिळणार?' खाली जाताना कानांचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. मग चुका व्हायच्या त्याच होतात.

दुखल्यावर नाक दाबणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त सुट्ट्या हीच नासवते. सूचना ऐकणाऱ्याच्या डोक्यात 'कान दुखले की नाक दाबून फुंकायचं' एवढंच राहतं. पण दुखायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो.

पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठभागावरून 3 मीटर खाली गेलात की मधल्या कानातली हवा जवळजवळ चौथ्या हिश्शाने आक्रसते. तेच 20 मीटरवरून 23 मीटरवर गेलात तर ती दहाव्या हिश्शानेही कमी होत नाही. म्हणजे खरी परीक्षा पहिल्या काही मीटरांतच असते. नवखा नेमका तिथेच शिडी सोडून, घाबरून, गाइडचा हात धरून दगडासारखा खाली जातो. घसा आणि कान जोडणारी नळी मऊ असते. बाहेरचा दाब वाढला की ती चिकटून बसते, आणि मग कितीही फुंकलं तरी उघडत नाही.

नेहमीचं प्रकरण असं असतं. आदल्या रात्री सर्दी, त्यात हॉटेलचा एसी. सकाळी नाकात स्प्रे मारून गडी बोटीवर हजर, कारण पैसे भरलेत. दोन मीटरवर दडे बसतात. वर दुसरी बॅच थांबलेली, गाइड घाईत. हा 'ठीक आहे'ची खूण करतो, डोळे मिटतो आणि जीव खाऊन फुंकतो. एक कान उघडतो, दुसरा नाही. चार मीटरवर कपाळात सुरी खुपसल्यासारखी कळ येते आणि वर येईपर्यंत मास्कमध्ये गुलाबी पाणी साचलेलं असतं. ते रक्त सायनसमधलं असतं. उरलेली सुट्टी कानात कापूस घालून तारकर्लीच्या वाळूत बसण्यात जाते. हेही नशीब चांगलं असेल तर. जोर लावून फुंकल्याने आतल्या कानाचा पडदा फाटतो तेव्हा चक्कर येणं आणि कमी ऐकू येणं महिनोन्महिने पाठ सोडत नाही. स्प्रेचा आणखी एक दगा: त्याचा असर पाण्याखाली असतानाच उतरला तर वर येताना हवा कानात अडकते. खाली जाणं आपल्या मर्जीवर असतं, वर यावंच लागतं.

यावर सवय एकच लावून घ्यायची. आदल्या रात्री आरशासमोर नाक दाबून हलकेच फुंकायचं किंवा आवंढा गिळायचा. दोन्ही कानांत 'टक्' ऐकू आलं तर उद्या जायचं. एकाच कानात आलं तर उद्या सोलकढी प्यायची आणि किल्ला बघायचा. पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा कान मोकळे करायचे ते पृष्ठभागावरच, डोकं वर असताना. मग नांगराचा दोर धरून, पाय खाली ठेवून, पहिले 5 मीटर दर अर्ध्या मीटरला. म्हणजे दहा वेळा. हसू येतं लोकांना, येऊ द्या. कान अडला तर एक मीटर वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर डाइव्ह संपली. 'अजून थोडं खाली गेल्यावर सुटेल' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही वर्षं या धंद्यात असो.

श्वास धरणं

यात मतभेद नाही आणि सूटही नाही. वर येताना श्वास कोंडला तर फुप्फुसातली हवा फुगते. सव्वा मीटरच्या फरकानेही फुप्फुसाला इजा होऊ शकते. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारा भाग) तोंडातून निसटला तर तोंडाने बारीक 'आऽऽ' करत बुडबुडे सोडत राहायचं. पोहण्यात पटाईत असलेले इथे हमखास चुकतात, कारण श्वास धरणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

छोट्या, पण दर बोटीवर दिसणाऱ्या

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली घेतला तर आकडी येऊ शकते, तेव्हा 'ऑक्सिजन संपला का?' विचारणं सोडा.

अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल.

नवा मास्क धुकटतोच, कारखान्यातला सिलिकोनचा थर काचेवर असतो. पांढऱ्या साध्या टूथपेस्टने आतली काच दोन-तीनदा घासा (जेल नको, आणि काचेवर आधीच कोटिंग असेल तर टूथपेस्टही नको). बोटीवर मात्र थुंकी. शिसारी येत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब. खाली जाताना मास्क चेहऱ्याला चिकटायला लागला की नाकातून जरा हवा सोडा, नाहीतर डोळे लाल करून घरी जाल.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर नव्हे. पाण्याखाली उलटी आलीच तर रेग्युलेटर काढायचा नाही, त्यातूनच करायची. बाहेर जाते ती, काळजी नको.

मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे सोडणारा गाइड दिसला तर त्याला नको म्हणा. व्हिडिओ छान येतो, पण 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, मत्स्यालय नव्हे.

आणि मेच्या शेवटाला जाऊन 'पाणी गढूळ होतं' अशी तक्रार करू नका. पावसाळा जवळ आला की लाटा तळ ढवळतात. स्वच्छ पाणी हवं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या.

कमरेला नको इतकं वजन

कोर्स केलेल्यांची ही लाडकी चूक. शिकताना प्रशिक्षकाने तळाला बसवायला म्हणून 8 किलो शिसं कमरेला बांधलेलं असतं. तोच आकडा पुढे दहा वर्षं जन्मतारखेसारखा सांगितला जातो.

जास्तीच्या प्रत्येक किलोला बीसीडीत (हवा भरून तरंगायचं जाकीट) एक लिटर हवा भरून तोलावं लागतं. समजा 4 किलो जास्त आहेत आणि तुम्ही 10 मीटरवर तरंगताय. त्या 4 लिटर हवेचं 5 मीटरवर सव्वापाच लिटर होतं, म्हणजे सव्वा किलोचा उचल न मागता मिळाला. हवा वेळेवर सोडली नाही की थेट वर, तेही 5 मीटरवर, जिथे नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून तीन मिनिटं थांबायचं असतं, त्याच जागी. शिवाय कंबर जड आणि छाती हलकी असल्याने माणूस पाण्यात उभा पोहतो, फिन्स वाळू उडवतात, प्रवाळाला लाथा बसतात आणि दम लागून हवा भराभर संपते. मग 'माझं सिलिंडर लहान होतं' ही तक्रार. हिशेब करा: 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार (बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाचा दाब) म्हणजे 2,200 लिटर, 50 बार राखीव धरले तर वापरायला 1,650. मिनिटाला 20 लिटर घेणारा माणूस 20 मीटरवर तिप्पट, म्हणजे 60 लिटर घेतो. झाली सत्तावीस मिनिटं. धापा टाकल्यात तर पंधरा.

वजन तपासायला पाच मिनिटं लागतात. सगळा सरंजाम अंगावर चढवून खोल पाण्यात उभं राहायचं, बीसीडी पूर्ण रिकामं, नेहमीसारखा श्वास घेऊन धरायचा (पृष्ठभागावर आहात, इथे चालतं), पाय हलवायचे नाहीत. पाणी डोळ्यांच्या रेषेत हवं. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. दणकन बुडालात तर किलो किलो काढत जा. ही तपासणी 50 बार उरलेल्या सिलिंडरवर उत्तम. भरलेल्यावर केलीत तर दोन किलो वाढवा, कारण डाइव्हमध्ये संपणाऱ्या हवेचं वजन तेवढं असतं. तलावात शिकून समुद्रात आलात तर अंगासकट सगळ्या वजनाच्या अडीच टक्के आणखी: माणूस 75 किलो, सामान 25, म्हणजे अडीच किलो. आकडा वहीत लिहा, सूटची जाडी आणि सिलिंडरचा प्रकारही लिहा. फोनमध्ये नको, फोन बुडतो.

सकाळी डाइव्ह, संध्याकाळी विमान

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला सरळ आहे: एकच साधी डाइव्ह असेल तर किमान 12 तास, रोज किंवा अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास विमान नाही. 24 धरून चाला. अंदमानला जाणाऱ्यांनी शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. सेल्युलर जेल बघायला तो दिवस पुरतो, घाईघाईत उरकण्यासारखी ती जागा नाहीच.

घाट मात्र सगळे विसरतात. हा सल्ला सुमारे 600 मीटरच्या वरच्या उंचीला धरून आहे आणि आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. दोन दिवसांत चार-पाच डाइव्ह करून त्याच दुपारी सावंतवाडी-आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठणं म्हणजे रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला सोड्याच्या बाटलीसारखं उघडणं. मालवणात एक रात्र काढा, सुरमई खा.

कॅमेरा, वेबसाइट आणि आभासी खडक

हाउसिंगमध्ये (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) पाणी शिरतं ते ओ-रिंगवरच्या (झाकणाच्या रबरी कड्यावरच्या) एका केसामुळे किंवा वाळूच्या कणामुळे. रिंग बोटाने चाचपायची (डोळ्यांना कण दिसत नाही), तांदळाएवढं सिलिकोन ग्रीस लावायचं, झाकण एसी खोलीत कोरड्या हवेत लावायचं. पहिली बुडी रिकाम्या हाउसिंगची, आत टिश्यू पेपर घालून. तो कोरडा परतला तर कॅमेरा आत. परतल्यावर अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून मगच उघडा.

लाल रंग पहिल्या पाच मीटरांतच जवळजवळ जातो. तो नंतर संगणकावर ओढून आणू म्हणणाऱ्यांचे मासे जांभळे होतात. टॉर्च घ्या, जवळ जा.

लॉगबुकची वेबसाइट करणारे उत्साहात 300 एमबीचा व्हिडिओ पहिल्याच पानावर चढवतात. 20 सेकंदांची क्लिप, 720पी, दीड एमबीपीएस (सेकंदाला दीड मेगाबिट): पावणेचार एमबीत काम होतं. फोटो 1,600 पिक्सेल रुंद पुरे. कॅमेऱ्याचं आणि डाइव्ह कॉम्प्युटरचं (खोली आणि वेळ नोंदवणारं मनगटी यंत्र) घड्याळ निघण्याआधी जुळवा, नाहीतर कोणता फोटो किती खोलीवरचा हे कधीच कळणार नाही.

फोटोंतून खडकाचं थ्रीडी मॉडेल करून व्हीआरमध्ये (हेडसेट लावून बघायच्या आभासी जगात) फिरायचं असेल तर आधी छोटा, दोन मीटरचा खडक निवडा. गढूळ पाण्यात पूर्ण रीफ घ्यायला जाणारे चारशे धूसर फोटो घेऊन परततात. एक्स्पोजर (फोटोतल्या उजेडाचं माप) लॉक, शेजारच्या दोन फोटोंत 70 टक्के भाग सामाईक, एक फेरी समोरून आणि एक वरून. थ्रीडी मॉडेल छोट्या त्रिकोणांनी बनतं; ते 20 लाख त्रिकोणांचं निघालं तर लाखभरावर आणा, नाहीतर मोबाइलवर पान उघडणारच नाही. व्हीआरमध्ये बघणाऱ्याला स्वतः सरकू द्या, कॅमेरा आपोआप पोहत नेलात तर त्याला बोट लागते. आणि फोटो काढताना खडकाशेजारी अर्ध्या मीटरचा पीव्हीसी पाइप ठेवायला विसरू नका. मापच नसलं की दोन मीटरचा दगड हेडसेटमध्ये सिंधुदुर्गाच्या तटाएवढा दिसतो.